‘ब्लॉकेज काढलं’ म्हणजे नेमकं काय झालं?

‘दोन ब्लॉकेज होते, काढले. आता काही चिंता नाही.’ अँजिओप्लास्टी होऊन घरी आलेल्या माणसाला भेटायला गेलं की हे वाक्य हमखास ऐकायला मिळतं. सांगणाऱ्याच्या आवाजात सुटकेचा भाव असतो आणि तो स्वाभाविकही आहे. पण गेली काही वर्षं हृदयविकारावरचं जुनं-नवं संशोधन वाचताना मला वाटू लागलं की या आजाराबद्दलचा आपला निम्मा गोंधळ या एका वाक्यात साठलेला आहे. या लेखात तो उलगडायचा प्रयत्न आहे.

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. वैद्यकाची कोणतीही पदवी माझ्याकडे नाही. इंग्रजी वैद्यकीय नियतकालिकं मिळवायची, समजेपर्यंत पुन्हा पुन्हा वाचायची, अडलं की ओळखीच्या डॉक्टरांना विचारायचं, असा हा एकट्याने केलेला अभ्यास आहे. त्यामुळे इथे कोणालाही औषध सांगितलेलं नाही. डॉक्टर जे सांगतात ते का सांगतात, हे समजून घेण्यापुरताच या लेखाचा हेतू आहे.

‘ब्लॉकेज’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मोरीचा तुंबलेला पाइप येतो. गाळ साचला, पाणी अडलं. गाळ काढला, पाणी वाहू लागलं. गंमत अशी की हृदयविकाराबाबत हिरिरीने वाद घालणारे दोन्ही पक्ष हेच चित्र मनात धरून असतात. एक पक्ष म्हणतो, शस्त्रक्रियेने गाळ काढा. दुसरा म्हणतो, शस्त्रक्रिया कशाला, अमुक रस प्या, गाळ आपोआप विरघळेल. भांडण फक्त गाळ कशाने काढायचा याचं आहे. आजार मुळात पाइप तुंबण्याचा आहे का, हा प्रश्न दोघंही विचारत नाहीत.

चित्र आलं कुठून?

हे चित्र आपल्या मनात रुजलं त्यामागे एक इतिहास आहे, आणि तो मोठ्या धाडसाचा आहे. १९२९ मध्ये जर्मनीतल्या एबर्सवाल्ड या गावातल्या वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टरने स्वतःच्याच दंडातल्या शिरेतून एक बारीक नळी थेट हृदयापर्यंत सरकवली आणि त्या अवस्थेत चालत जाऊन क्ष-किरण चित्र काढून घेतलं. त्या वेळी त्याला बोलणीच जास्त खावी लागली. नोबेल पारितोषिक मिळालं ते १९५६ मध्ये. पुढे १९५८ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये मेसन सोन्स यांच्या हातून एका तपासणीत रंगद्रव्य चुकून थेट हृदयाच्या रोहिणीत गेलं. रुग्ण सुखरूप राहिला आणि त्यातून आजची अँजिओग्राफी जन्माला आली. त्याच संस्थेत अर्जेंटिनाहून आलेल्या रेने फावालोरो यांनी १९६७ मध्ये पायातली शीर वापरून बायपास शस्त्रक्रिया केली. सप्टेंबर १९७७ मध्ये झुरिकला आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी फुगा फुगवून जाग्या माणसाची हृदयरोहिणी रुंद केली. ती पहिली अँजिओप्लास्टी. भारतात ही पद्धत रुजवण्यात १९८० च्या दशकात डॉ. मॅथ्यू सॅम्युअल कलरिकल यांचा मोठा वाटा होता.

या सगळ्या प्रवासात डॉक्टरांना जे दिसत होतं ते रंगद्रव्याच्या सावलीचं चित्र होतं. रंगद्रव्य रक्ताबरोबर वाहतं, म्हणून चित्रात रोहिणीची आतली पोकळी दिसते. पोकळी जिथे अरुंद, तिथे ‘७० टक्के’, ‘९० टक्के’ असे आकडे अहवालात येतात. पण ज्या भिंतीने ही पोकळी वेढलेली आहे, ती भिंत या चित्रात दिसत नाही. आणि आजार असतो तो भिंतीत.

भिंतीचा आजार

रोहिणीच्या भिंतीला आतून एक अतिशय नाजूक अस्तर असतं. रक्तदाब, तंबाखू, वाढलेली साखर यांनी ते अस्तर दुखावतं. रक्तातले एलडीएल कोलेस्टेरॉलचे कण अस्तराच्या आत शिरून अडकतात. त्यांना गिळायला पांढऱ्या पेशी येतात, गिळून गिळून फुगतात, मरतात आणि तिथे दाह सुरू होतो. वर्षानुवर्षांनी भिंतीच्या आत चरबीचा मऊ गोळा आणि त्यावर एक तंतुमय आवरण तयार होतं. वैद्यकात त्याला प्लाक म्हणतात. पाइपच्या आतल्या बाजूला बसलेल्या गाळापेक्षा याचं साम्य कातडीखालच्या गळवाशी अधिक आहे.

हे आवरण जाड असेल तर प्लाक वर्षानुवर्षं शांत राहतो. पोकळी बरीच अरुंद झाली तर जिना चढताना किंवा घाईने चालताना छातीत भरून येतं, थांबलं की बरं वाटतं. याला अंजायना म्हणतात. पण आवरण पातळ असेल तर ते एखाद्या दिवशी फाटतं. आतला ऐवज रक्ताच्या संपर्कात येताच, जखमेवर जमावी तशी रक्ताची गुठळी जमते आणि काही मिनिटांत रोहिणी पूर्ण बंद होते. हाच हृदयविकाराचा झटका.

इथे एक शोध महत्त्वाचा आहे. १९८८ मध्ये अमेरिकेतल्या काही डॉक्टरांनी असे २९ रुग्ण निवडले, ज्यांची अँजिओग्राफी झटक्याच्या आधीही झालेली होती. पुढे ज्या रोहिणीने दगा दिला ती आधीच्या चित्रात कशी होती, हे त्यांनी तपासलं. २९ पैकी १९ जणांमध्ये त्या रोहिणीत आधी ५० टक्क्यांहून कमी अडथळा होता. म्हणजे जिच्याकडे बोट दाखवून कोणी ‘ही उघडा’ म्हटलं नसतं, तीच पुढे बंद पडली. पुढच्या काळात इतरांच्या अभ्यासातूनही हाच सूर निघाला.

याचा अर्थ नीट लक्षात घ्यायला हवा. ज्याच्या हृदयाच्या रोहिणीत एका जागी ९० टक्के अडथळा आहे, त्याच्या इतर जागीही लहान-मोठे प्लाक असण्याची शक्यता दांडगी असते. स्टेंट बसतो तो एका जागी, दीड-दोन बोटं लांबीच्या भागात. उरलेल्या भिंतीचा आजार जिथल्या तिथे राहतो. म्हणून ‘ब्लॉकेज काढलं’ हे वाक्य अपुरं आहे. अडथळा काढलेला नसतो. तो भिंतीत दाबून त्यावर जाळी बसवलेली असते. आणि आजार तर गेलेला नसतोच.

मग अँजिओप्लास्टी कधी?

यावरून कोणी ‘अँजिओप्लास्टी हे सगळं थोतांड’ असा निष्कर्ष काढला तर तो जिवावर बेतेल. दोन प्रसंग वेगळे करायला हवेत.

पहिला प्रसंग झटक्याचा. गुठळीने रोहिणी बंद झालेली आहे आणि हृदयाचा स्नायू दर मिनिटाला मरतो आहे. इथे रोहिणी तातडीने उघडणं हाच उपचार. जवळ कॅथलॅब असेल तर अँजिओप्लास्टी, नसेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन. इथे वेळेइतकं महत्त्वाचं काहीच नाही, आणि नेमकं तिथेच आपण कमी पडतो. भारतातल्या ५० शहरांतल्या ८९ रुग्णालयांमधल्या २०,४६८ रुग्णांची नोंद ठेवणारा ‘क्रिएट’ नावाचा मोठा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्रास सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोचेपर्यंत लागलेला मध्यम वेळ त्यात ३६० मिनिटं निघाला, म्हणजे सहा तास. गरीब रुग्णांमध्ये महिनाभरातल्या मृत्यूंचं प्रमाण श्रीमंतांपेक्षा जास्त होतं आणि त्यांना मिळालेले उपचारही कमी होते.

हे सहा तास जातात कुठे? काही रस्त्यात जातात, काही वाहन शोधण्यात. पण बरेचसे ‘गॅस झालाय’ या दोन शब्दांत जातात. सोडा पिऊन बघू, ओवा खाऊन बघू, पाठ चोळून बघू, सकाळी डॉक्टरांकडे जाऊ. छातीच्या मधोमध दडपण, डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ, दरदरून घाम, मळमळ, दम लागणं, यांतलं काही विश्रांती घेऊनही पंधरा-वीस मिनिटं टिकलं तर तो गॅस आहे की नाही हे ठरवण्याचं काम ईसीजीचं आहे, घरच्यांचं नाही. बायकांमध्ये आणि मधुमेह असलेल्यांमध्ये छातीत न दुखता नुसता थकवा, धाप किंवा मळमळ अशीही लक्षणं दिसतात. १०८ ला फोन करायला संकोच करू नये. स्वतः दुचाकी चालवत तर मुळीच जाऊ नये.

दुसरा प्रसंग स्थिर आजाराचा. झटका आलेला नाही. चालताना त्रास होतो किंवा तपासणीत अडथळा सापडला आहे. इथे चित्र वेगळं आहे. २००७ मध्ये ‘करेज’ या अभ्यासात अशा २,२८७ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एकाला उत्तम औषधोपचार, दुसऱ्याला तोच औषधोपचार आणि शिवाय अँजिओप्लास्टी. काही वर्षांनी पाहिलं तर मृत्यू आणि झटके यांच्या प्रमाणात दोन्ही गटांत फरक नव्हता. शंका घेणाऱ्यांनी म्हटलं की यात फार गंभीर रुग्ण नव्हते. म्हणून ‘इस्केमिया’ हा त्याहून मोठा अभ्यास झाला. ३७ देशांतले ५,१७९ रुग्ण, त्यात भारतातलेही. ताणचाचणीत मध्यम किंवा तीव्र दोष असलेलेच घेतले होते. २०२० मध्ये निकाल छापून आला. आधी अँजिओग्राफी करून गरजेप्रमाणे स्टेंट किंवा बायपास करणं आणि आधी औषधांवर ठेवणं, या दोन वाटांमध्ये झटके आणि मृत्यू यांबाबत ठोस फरक याही वेळी मिळाला नाही. ज्यांना छातीत दुखण्याचा त्रास होता, त्यांचा तो त्रास मात्र पहिल्या वाटेने अधिक कमी झाला.

त्रास कमी होण्याबद्दल इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी एक धीट प्रयोग केला. २०१७ च्या ‘ऑर्बिटा’ अभ्यासात २०० रुग्णांपैकी निम्म्यांना खरी अँजिओप्लास्टी आणि निम्म्यांना नुसता तिचा देखावा, असं केलं. कोणाला काय मिळालं हे रुग्णाला माहीत नव्हतं. सगळ्यांना औषधं भरपूर होती. चालण्याच्या क्षमतेत ठोस फरक दिसला नाही. मग त्याच चमूने २०२३ मध्ये अंजायनाची औषधं बंद ठेवून ३०१ जणांवर पुन्हा तसाच प्रयोग केला. त्या वेळी खऱ्या अँजिओप्लास्टीने छातीतलं दुखणं स्पष्टपणे कमी झालं. दोन्ही निकाल एकत्र वाचले की न्याय्य चित्र मिळतं. स्थिर आजारात अँजिओप्लास्टी हे त्रास कमी करण्याचं चांगलं साधन आहे. आयुष्य वाढवण्याची हमी नाही. डाव्या बाजूच्या मुख्य रोहिणीतच अडथळा असणं, हृदयाची पंप करण्याची ताकद खालावणं, औषधांनीही दुखणं न थांबणं, अशा परिस्थितीत हिशेब बदलतो. काहींना, विशेषतः मधुमेह असून तिन्ही रोहिण्यांत आजार असलेल्यांना, बायपास अधिक लाभते.

म्हणून स्थिर आजारात डॉक्टरांना विचारण्यासारखा प्रश्न असा : ‘हे माझा त्रास कमी करण्यासाठी आहे की जीव वाचवण्यासाठी? आधी औषधांनी पाहता येईल का?’ चांगला डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाही.

गोळ्यांचं काम

आजार सगळ्या भिंतीत असेल तर सगळ्या भिंतीपर्यंत पोचणारा उपचार हवा. रक्त सगळीकडे पोचतं, म्हणून हे काम गोळ्या करतात.

पहिली अ‍ॅस्पिरिन. प्लाक फाटला तरी गुठळी सहजी जमू नये म्हणून ती असते. १९८८ मध्ये ‘आयसिस-२’ या अभ्यासात झटका आलेल्या १७,१८७ रुग्णांवर अ‍ॅस्पिरिन आणि गुठळी विरघळवणारं स्ट्रेप्टोकायनेज यांची परीक्षा झाली. पाच आठवड्यांत, दोन्हींपैकी काहीच न मिळालेल्यांत १३.२ टक्के जण हृदय वा रक्तवाहिन्यांच्या कारणाने दगावले. दोन्ही मिळालेल्यांत ८ टक्के. त्यातला मोठा वाटा काही पैशांच्या त्या साध्या गोळीचा होता. स्टेंट बसवल्यावर तिच्या जोडीला रक्त पातळ ठेवणारी आणखी एक गोळी, बहुधा सहा महिने ते वर्षभर देतात. स्टेंट ही परकी धातूची जाळी आहे. तिच्यावर अस्तर धरेपर्यंत ती गोळी अचानक थांबवली तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते. दात काढायचा असला तरी आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारावं ते यासाठी. उलट, ज्यांना हृदयविकार नाही अशांनी ‘खबरदारी म्हणून’ रोज अ‍ॅस्पिरिन घेऊ नये; रक्तस्रावाचा धोका फायद्यावर मात करतो.

दुसरी स्टॅटिन. तिची कहाणी जपानची आहे. अकिरा एन्डो या संशोधकाने, पेनिसिलिन जसं बुरशीतून मिळालं तसं कोलेस्टेरॉल रोखणारं द्रव्यही बुरशीत असेल, या अंदाजाने सुमारे सहा हजार सूक्ष्मजीव तपासले. १९७३ मध्ये तांदळावरच्या एका बुरशीत त्याला हवं ते सापडलं. १९९४ मध्ये उत्तर युरोपातल्या ४,४४४ हृदयरुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पाचएक वर्षांत नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांपैकी सुमारे १२ टक्के लोक दगावले, स्टॅटिन घेणाऱ्यांपैकी ८ टक्के. स्टॅटिन रक्तातलं एलडीएल उतरवते, प्लाकमधला मऊ ऐवज कमी करते आणि त्यावरचं आवरण घट्ट करते. गळू फुटू नये अशी तजवीज होते. म्हणूनच ‘कोलेस्टेरॉल नॉर्मल आलं, आता गोळी बंद’ हा तर्क चुकतो. ते नॉर्मल आलं ते गोळीमुळे.

स्टॅटिनने अंग दुखतं अशी तक्रार फार ऐकू येते. काहींना ते खरोखर होतं. पण २०२० मध्ये, त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना आलटून पालटून खरी गोळी, दिखाऊ गोळी आणि काहीच नाही, असं वर्षभर दिलं. खऱ्या गोळीने जेवढा त्रास जाणवला त्याच्या ९० टक्के त्रास दिखाऊ गोळीनेही जाणवला. त्रास खोटा नव्हता. पण त्याचं कारण बव्हंशी मनातली धास्ती होतं. त्रास झाला तर गोळी आपली आपण बंद न करता मात्रा किंवा प्रकार बदलून मागावा, एवढा धडा यातून घ्यावा.

याखेरीज रक्तदाबाची, मधुमेह असल्यास साखरेची, आणि झटक्याने हृदय कमजोर झालं असल्यास त्याच्यावरचा भार हलका करणारी औषधं असतात. प्रत्येक गोळीला वेगळं काम आहे. एक बंद करून दुसरी चालू ठेवली तर चारचाकीचं एक चाक काढल्यासारखं होतं.

ताटातलं, पायातलं आणि मनातलं

आता दुसऱ्या बाजूकडे. गोळ्या आग विझवत असतील, पण आगीत तेल ओतणं चालूच असेल तर त्या किती पुरणार?

मूळ भारतीय असलेले डॉ. सलीम युसूफ यांच्या नेतृत्वाखाली ५२ देशांत झालेला ‘इंटरहार्ट’ अभ्यास २००४ मध्ये आला. पहिला झटका आलेले सुमारे १५ हजार आणि न आलेले जवळजवळ तितकेच लोक त्यात होते. तंबाखू, रक्तातली चरबी, रक्तदाब, मधुमेह, सुटलेलं पोट, मानसिक ताण, फळं-भाज्यांचा अभाव, बैठं जीवन आणि मद्यपानाची सवय या नऊ गोष्टींनी जगभरातल्या पुरुषांमधला ९० टक्के आणि स्त्रियांमधला ९४ टक्के धोका समजावून सांगता येतो, असं त्यातून दिसलं. आपल्याला टोचणारी बाब अशी की दक्षिण आशियात पहिल्या झटक्याचं मध्यम वय ५३ निघालं, इतर देशांत ते जवळपास ५९ होतं. जगाच्या सहा वर्षं आधी आपल्याकडे घराचा कर्ता माणूस आजारी पडतो.

या नऊंपैकी सर्वांत मोठा लाभ तंबाखू सोडण्यात आहे. हृदयविकार झाल्यानंतर धूम्रपान सोडणाऱ्यांचा मृत्यूचा धोका, न सोडणाऱ्यांपेक्षा सुमारे ३६ टक्क्यांनी कमी होतो असं अनेक अभ्यासांच्या एकत्रित हिशेबातून २००३ मध्ये निघालं. आपल्याकडे बिडी-सिगारेट सोडलेला माणूस चुन्याबरोबर तंबाखू मळतो आणि घरातली आजी मिश्री लावते, तीही तंबाखूच. त्यातलं निकोटिनही नाडी आणि रक्तदाब वाढवतंच.

चालण्याचं महत्त्व लंडनच्या बसगाड्यांनी शिकवलं. १९५३ मध्ये जेरी मॉरिस यांनी दाखवलं की दुमजली बसमधल्या जिन्यावरून दिवसभर वर-खाली करणाऱ्या कंडक्टरांना, बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा हृदयविकार कमी होतो. आज आठवड्याला किमान १५० मिनिटं, म्हणजे पाच दिवस अर्धा तास, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगाने चालावं असं सांगतात. झटक्यानंतर मात्र हे डॉक्टरांना विचारून, थोड्यापासून सुरू करावं.

आहाराबाबत फ्रान्समधल्या लियाँ इथला अभ्यास बोलका आहे. पहिला झटका येऊन गेलेल्या ६०५ जणांपैकी निम्म्यांना भाज्या, फळं, डाळी, कडधान्यं वाढवून, मांस आणि लोणी कमी करून जेवायला सांगितलं. त्यांच्यात पुढचे झटके निम्म्याहून कमी झाले. अभ्यास लहान होता, पण दिशा स्पष्ट होती. त्या ताटाचं मराठी रूप अवघड नाही : ज्वारी-बाजरीची भाकरी, मोड आलेली उसळ, पालेभाजी, कोशिंबीर, मूठभर शेंगदाणे, मासे खाणाऱ्यांनी तळण्याऐवजी कालवणातले बांगडे-तारली. कमी करायचं ते लोणचं-पापडातलं मीठ (दिवसभरात पाच ग्रॅमहून कमी, म्हणजे चमचाभरही नाही), पुन्हा पुन्हा तापवलेलं तेल आणि वनस्पती तूप. वनस्पती तुपातली ट्रान्स चरबी हृदयाला सर्वांत घातक. तेल-तुपातली तिची मर्यादा आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांवर आणली. दिवाळीची चकली कोणी सोडावी असं मी म्हणणार नाही. पण तळणाचं उरलेलं तेल देवदिवाळीपर्यंत पुरवू नये.

नुसत्या जीवनशैलीने ‘ब्लॉकेज’ उलटवता येतो, हा दावा अनेक जाहिरातींत असतो. त्याचा आधार म्हणून डीन ऑर्निश यांच्या १९९० च्या अमेरिकी अभ्यासाचं नाव येतं. तो अभ्यास खरा आहे. अतिशय कमी चरबीचा शाकाहार, व्यायाम, योग-ध्यान आणि गटचर्चा यांनी वर्षभरात अडथळा सरासरी ४० टक्क्यांवरून ३७.८ टक्क्यांवर आला. नियंत्रण गटात तो थोडा वाढला. छातीतलं दुखणंही पुष्कळ कमी झालं. पण त्या कडक पथ्याच्या गटात होते अवघे २८ लोक, आणि घट होती दोन-सव्वादोन टक्के. नळ मोकळा झाला असं त्याला म्हणता येत नाही. भिंत सुधारू लागली असं म्हणता येतं. तेही मोलाचंच आहे.

योगाबाबत आपल्याच देशात मोठं काम झालं. २४ केंद्रांतल्या ३,९५९ रुग्णांवरचा ‘योग-केअर’ अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. झटक्यानंतर योगावर आधारित कार्यक्रम केलेल्यांना स्वतःची तब्येत अधिक चांगली वाटली, ते नेहमीच्या कामांना अधिक चांगल्या रीतीने लागले. पुन्हा झटका आणि मृत्यू यांत मात्र सिद्ध होण्याइतका फरक दिसला नाही. हे सगळे रुग्ण योगाबरोबर औषधंही घेत होते. योग गोळीच्या जोडीला बसतो, तिच्या जागी नाही.

दुधी भोपळ्याच्या रसाबद्दल एक इशारा द्यायलाच हवा. दुधी कधी कधी कडू निघतो. त्यातल्या विषारी द्रव्यांनी उलट्या, रक्तस्राव होऊन माणसं दगावलेली आहेत. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या तज्ज्ञ समितीने कडू लागलेला रस पिऊ नये, टाकून द्यावा, असं स्पष्ट सांगितलं आहे. औषध कडूच असतं, असं समजून नाक दाबून पिण्यात जीव जाऊ शकतो. दुधीची भाजी खुशाल खावी. तीही आधी एक फोड चाखून.

साखळी तुटते कुठे?

इतकं सगळं माहीत असताना माणसं दुसऱ्यांदा आजारी का पडतात? याचं उत्तर मला ‘प्युअर’ या अभ्यासाच्या २०११ मधल्या निबंधात मिळालं. हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेलेली माणसं घरी प्रत्यक्ष कोणती औषधं घेतात, हे त्यात दारोदार जाऊन विचारलं होतं. भारताचा समावेश असलेल्या कमी उत्पन्नाच्या देशांत ८०.२ टक्के लोक सिद्ध झालेल्या औषधांपैकी एकही घेत नव्हते. श्रीमंत देशांत हा आकडा ११.२ टक्के होता.

या आकड्यामागचा चेहरा माझ्या घरातला आहे. माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आमचे दाजी, अँजिओप्लास्टीनंतर चौथ्या महिन्यात सगळ्या गोळ्या बंद करून बसले. ताई विचारायची तेव्हा म्हणायचे, ‘अगं, ब्लॉकेज काढलं ना? मग रोज कशाला विष खायचं?’ तपासणीसाठी तालुक्याहून शहरात जायचं म्हणजे एका दिवसाची मजुरी आणि एसटीचं भाडं, हेही कारण होतंच. पण ते बोलून दाखवायचे नाहीत. वर्षाच्या आत दुसरा झटका आला. दाजी वाचले. आता हृदयाची ताकद निम्म्यावर आली आहे आणि शेताच्या बांधापर्यंत जाताना दोनदा बसावं लागतं. त्यांना कोणी आळशी म्हणू नये. पाइप साफ झाला असं ज्याला वाटतं, तो पाइप साफ करायचं औषध कशाला घेईल? त्यांचं वागणं त्यांच्या मनातल्या चित्राशी सुसंगतच होतं. चित्र चुकीचं होतं, आणि ते बदलून देण्याचं काम कोणीच केलं नव्हतं.

व्यवस्थाही त्याच चित्रावर उभी आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्र सरकारच्या औषध किंमत प्राधिकरणाने स्टेंटच्या किमतीवर मर्यादा आणली. औषधलेपित स्टेंट २९,६०० रुपयांपर्यंत खाली आला. चांगलंच झालं. विमा आणि सरकारी योजनाही प्रामुख्याने रुग्णालयात दाखल होण्याचा खर्च उचलतात. पण त्यानंतरची वीस वर्षं रोज घ्यायची गोळी, तिची आठवण करून देणारा माणूस, महिन्याला एकदा रक्तदाब मोजणारी नर्स, यांचा विचार त्या मानाने फारच थोडा होतो. एका दिवसाच्या उपचाराला निधी आहे, सात हजार दिवसांच्या उपचाराला नाही.

यावर एक साधा उपाय संशोधनातून पुढे आला आहे : अ‍ॅस्पिरिन, स्टॅटिन आणि रक्तदाबाचं औषध एकाच गोळीत. युरोपातल्या २,४९९ रुग्णांवरच्या २०२२ च्या ‘सिक्युअर’ अभ्यासात अशी एकत्रित गोळी घेणाऱ्यांमध्ये, वेगवेगळ्या गोळ्या घेणाऱ्यांच्या तुलनेत पुढच्या गंभीर घटना २४ टक्क्यांनी कमी झाल्या. औषधं साधारण तीच होती. ती घेतली जाणं सोपं झालं, म्हणून फरक पडला. एकत्रित गोळी मिळत नसली तरी जनऔषधी केंद्रात हीच औषधं बरीच स्वस्त मिळतात, हे अजूनही अनेकांना माहीत नाही.

घरच्यांना करता येण्याजोग्या गोष्टी मी नेहमी ओळखीच्यांना सांगतो. डिस्चार्ज कार्डाची एक प्रत फ्रीजवर चिकटवावी आणि प्रत्येक गोळीपुढे तिचं काम मराठीत लिहून घ्यावं : ही गुठळी होऊ नये म्हणून, ही भिंत घट्ट राहावी म्हणून, ही रक्तदाबासाठी. औषध संपायच्या आठ दिवस आधी आणायचं हे घरातल्या एकाने अंगावर घ्यावं. पुढच्या भेटीत डॉक्टरांना तीन आकडे विचारून लिहून ठेवावेत : माझा रक्तदाब किती असायला हवा, एलडीएल किती खाली हवं (हृदयविकार झालेल्यांत ते बहुधा ७० च्या, आणि अनेकांत ५५ च्याही खाली ठेवायला सांगतात), आणि मधुमेह असेल तर तीन महिन्यांची साखर किती. आणि आजारी माणसाच्या ताटात वेगळं शिजवण्याऐवजी सगळ्या घरानेच ते ताट घ्यावं. आजार एकाला झाला असला तरी तीच सवय आणि तेच रक्त मुलांच्यातही असतं.

या दिवाळीत कोणी भेटायला येऊन ‘ब्लॉकेज काढलं, आता चिंता नाही’ म्हणाला, तर त्याचा आनंद हिरावून घेऊ नका. अभिनंदन करा, फराळाची छोटी बशी पुढे करा आणि एवढंच विचारा, ‘सकाळची गोळी घेतलीत ना?’